किझमेकियाची लस

डेंग्यूचा ताप आपल्या वस्त्यांना नवा नाही. याच रोगावर पीएच.डी. केलेल्या एका कृष्णवर्णीय भगिनीची ओळख आज आम्ही करून देत आहोत. किझमेकिया कॉर्बेट, जन्म १९८६, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्य. शाळकरी वयातच सुट्टीत तिला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम मिळाले. गरिबांच्या मुलांसाठी तशी योजना होती, मानधनही मिळे. (सुट्टीत आपली मुले काय करतात?)

२०१४ साली ती सरकारी लस संशोधन केंद्रात रुजू झाली. कोरोना जातीच्या विषाणूच्या अंगावर काट्यांसारखे प्रथिन असते. शरीराला तो काटा आधीच ओळखता यावा, यावर तिच्या गटाने वर्षानुवर्षे काम केले. म्हणूनच जानेवारी २०२० मध्ये नव्या विषाणूची जनुकीय माहिती जाहीर झाली आणि १६ मार्चला मॉडर्ना लसीची पहिली चाचणी माणसावर सुरू झाली.

पण तिचेच लोक लस घ्यायला कचरत होते. का कचरणार नाहीत? टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ पर्यंत सरकारी आरोग्य खात्याने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश नुसता पाहत ठेवला, पेनिसिलीन आल्यावरही दिले नाही. किझमेकियाने या लोकांना अडाणी ठरवले नाही. चर्चमधल्या मंडळींशी ती बोलली, त्यांच्या शंका ऐकल्या, एकेकीचे उत्तर दिले.