"डोकं चालत नाही का?" असं विचारण्याआधी

पाचवीच्या वर्गातला प्रसंग. जागेवर बसून तेराचा पाढा घडाघडा म्हणणारी मुलगी फळ्यापाशी आली आणि 'तेरा सत्ते' ला अडकली. मी आवाज चढवला, "डोकं चालत नाही का गं?" ती आणखीनच गप्प झाली. तेव्हा मला वाटलं, पाठांतर कच्चं आहे. आज वाटतं, तिचं डोकं बंद पाडण्यात माझाच हात होता.

आपल्या मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कस्तंभात, चेतापेशींचे दोन इवलेसे पुंजके असतात. निळसर दिसतात म्हणून त्यांचं लॅटिन नाव लोकस सेरुलियस, म्हणजे निळी जागा. पेशी थोड्याच, पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले. त्यांतून नॉरॲड्रेनॅलिन सुटतं आणि मेंदू सावध होतो. शाळेची घंटाच म्हणा ना!

ही घंटा किती वाजवायची, यावर कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा ताबा असतो. त्याचे तंतू या पेशींपर्यंत पोहोचतात. उंदरांवरच्या प्रयोगांत हा भाग त्यांना चेतवतो आणि आवरतोही, असं दिसलं आहे. गंमत पुढेच आहे. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टेन यांच्या संशोधनानुसार नॉरॲड्रेनॅलिन बेताचं असेल तर हा पुढचा भाग उत्तम चालतो. ताणामुळे ते फार वाढलं की तोच ढिला पडतो. म्हणजे लगाम धरणाराच घोड्यावरून खाली! मग विचार थांबतो, आठवलेलं निसटतं, उरते ती फक्त भीती.

काही पालक म्हणतील, "सर, धाकाशिवाय मुलं अभ्यास करत नाहीत." अर्धं खरं आहे. अजिबात ताण नसेल तर मूल पेंगतं. थोडी उत्सुकता, थोडं आव्हान हवंच. पण धाक मुलाला जागेवर बसवतो, विचार करायला लावत नाही. शिवाय हा पुढचा भाग पूर्ण पक्व व्हायला विशी उलटून जाते. तोवर मुलांचा लगाम थोडा आपणच धरायचा असतो.

म्हणून हल्ली प्रश्न विचारला की मी मनात दहा अंक मोजतो. अडलेल्या मुलाला शेजाऱ्याशी कुजबुजू देतो. पालकांनो, परीक्षेच्या सकाळी शाळेच्या फाटकापाशी शेवटची उजळणी नको. पाठीवर हात पुरे.

शिस्त हवीच. फक्त आवाज चढवण्याआधी स्वतःला विचारूया: मला उत्तर हवंय, की गप्प बसलेलं मूल?