रिपोर्टातलं अल्ब्युमिन

मावळातल्या एका वाचकाने या आठवड्यात वडिलांचा रिपोर्ट पाठवला. अन्ननलिकेचा कॅन्सर, केमो आणि शेक (रेडिएशन) ठरलेले. गाठीतल्या प्रोटीनची महागडी तपासणी करू का, म्हणजे वडील किती टिकतील ते कळेल, असं त्यांनी विचारलं होतं. त्याच कागदावर अल्ब्युमिन २.९ छापलेलं होतं आणि त्याबद्दल त्यांच्याशी कोणी चकार शब्द बोललं नव्हतं. राग आला तो याचा.

ईजीएफआर हे प्रोटीन घ्या. अन्ननलिकेच्या स्क्वॅमस प्रकारच्या गाठींत ते पुष्कळदा वाढलेलं असतं आणि अशा रुग्णांचं पुढे वाईट होतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं. म्हणून त्यालाच रोखणारं सेटुक्सिमॅब केमो-रेडिएशनच्या जोडीला देऊन पाहिलं. ब्रिटनमधल्या २५८ रुग्णांच्या स्कोप-१ चाचणीत (२०१३) या औषधाच्या गटातले निम्मे रुग्ण २२ महिन्यांत गेले; औषध न घेतलेल्यांत तेवढे जायला २५ महिने लागले. अमेरिकेतल्या चाचणीत (२०१७) दोन वर्षांनी औषधाच्या गटातले ४५ टक्के हयात होते, औषध न घेतलेल्यांतले ४४. म्हणजे भाकीत कळलं, इलाज मिळाला नाही.

अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन मात्र तळेगाव-लोणावळ्यातल्या साध्या लॅबमध्येही मोजतात. ते ३.५ च्या खाली आणि सीआरपी (दाह दाखवणारं रक्तातलं प्रोटीन) लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर रुग्णाचं भाकीत करणाऱ्या ग्लासगो मोजपट्टीवर २ गुण, म्हणजे सर्वांत वाईट. अल्ब्युमिन घसरण्यात उपासमारीइतकाच शरीरातल्या दाहाचाही हात असतो. म्हणून अल्ब्युमिनच्या बाटल्या चढवून आकडा सुधारला तरी माणूस सुधारत नाही. त्यावर जमीन गहाण टाकू नका.

आणि वजनकाट्यावरही नजर ठेवा! डच क्रॉस चाचणीत २३ शेक होते, आठवड्याला पाच. केमोसह ते घेऊन शस्त्रक्रिया झालेल्या स्क्वॅमस रुग्णांपैकी ४९ टक्क्यांच्या काढलेल्या अन्ननलिकेत कॅन्सर उरला नव्हता. पण मधल्या आठवड्यांत गिळताना आग होते, पेजही उतरत नाही, आणि खंगलेल्या माणसाला लोकलने रोज पुणं गाठवत नाही. शेक चुकले की गाठीला सवड मिळते. वेळीच नाकातून अन्नाची नळी घातल्याने आयुष्य वाढतं याचा पुरावा कच्चा आहे. तरी माझा आग्रह नळी वेळीच घालण्याचाच.

गाठीतल्याच पीडी-एल१ या प्रोटीनची गोष्ट वेगळी. पसरलेल्या आजारात इम्युनोथेरपी द्यायची की नाही, हे त्यावर ठरू शकतं. म्हणून कुठल्याही तपासणीआधी डॉक्टरांना विचारा: निकाल काहीही आला तरी औषध तेच राहणार असेल, तर हे पैसे वडिलांच्या दूध-अंड्यांवर का घालू नयेत?