भूक, भाकर आणि चार पावले

‘जेवून तास झाला नाही, तोच पोट रिकामे वाटते,’ ही ज्येष्ठांची तक्रार आपण ऐकली असेल. तिला हावरेपणा समजू नये. दात गेले की भाकर सुटते. तिच्या जागी मऊ भात, टोस्ट, चहा-बिस्कीट येते. गुडघे दुखू लागले की चालणेही सुटते. आहारातील चोथा आणि अंगाची हालचाल एकाच काळात उणावतात. म्हणून उपायही दोहोंचा एकत्र हवा.

इसबगोलासारखा चोथा पाणी शोषून दाट होतो. त्यामुळे अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते, तृप्ती टिकते आणि रक्तातील साखर एकदम उसळत नाही. व्यायामाचे काम निराळे. काम करणारा स्नायू ती साखर ओढून घेतो व इन्शुलिनचा परिणाम वाढवतो. व्यायामाविना नुसते खाणे तोडले, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. मग खाटेवरून उठण्यासही दुसऱ्याचा हात लागतो.

वर्धा जिल्ह्याला हा विचार नवा नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीतून हातसडीच्या तांदळाचा व जात्यावरील पिठाचा पुरस्कार केला. १९३६ मध्ये गांधीजी सेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहावयास आले तेव्हा ते ६६ वर्षांचे होते. तेथेही रोजचे फिरणे हा त्यांचा नेम होता.

आर्वी तालुक्यातील रोहण्याच्या घरात आरंभ कसा करावा? ज्वारीची भाकर चावत नसेल, तर वरणात कुस्करून द्यावी. सोबत शिजवलेली पालेभाजी व जवसाची चटणी असावी. २००० कॅलरींच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम चोथा हवा. तो अन्नातून पुरा न झाल्यास चहाचा एक चमचा इसबगोल पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावे. कोरडे घेऊ नये. ते घशात अडकते. इतर औषधे व इसबगोल यांत दोन तासांचे अंतर राखावे. मात्रा हळूहळू वाढवावी, अन्यथा पोट फुगते.

जेवणानंतर दहा मिनिटे ओसरीत सावकाश फिरावे. आठवड्यातून दोन-तीन दिवस भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून आठ-दहा वेळा उठावे-बसावे. जवळ कोणीतरी उभे असावे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सुचवते. तेथवर जमेल तसे पोहोचावे.

गिळण्यास त्रास असेल, आतड्यात अडथळा झालेला असेल किंवा डॉक्टरांनी पाणी मोजून पिण्यास सांगितले असेल, तर त्यांना विचारल्यावाचून इसबगोल देऊ नये. मधुमेहाची औषधे चालू असल्यास साखर उतरू शकते. घाम, थरथर वा भोवळ आली आणि रुग्ण शुद्धीवर असला, तर त्वरित साखरपाणी द्यावे व डॉक्टरांना कळवावे.

काही आठवड्यांनी केवळ वजनकाट्याकडे पाहू नका. आजी आपल्या आधाराविना उठून अंगणापर्यंत जाऊ लागली का, तेही पाहा.