उभ्या गाडीचा हिशेब

बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागते, त्याचं आपल्याकडे कोणाला काही वाटत नाही. "गाडी लागली आहे, नंबर आला की खाली होईल," एवढंच बोललं जातं. नंबर कधी दुपारी येतो, कधी दुसऱ्या दिवशी. तोवर ड्रायव्हर केबिनमध्येच. माल, डिझेल, ताडपत्री, सगळं त्याच्या जबाबदारीवर, त्यामुळे गाडी सोडता येत नाही. रांग एका गाडीने पुढे सरकली की त्यालाही उठून सरकावं लागतं, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. या वेळाचं त्याला काय मिळतं? बहुतेकदा काहीच नाही. ठरलेला असतो तो फेरीचा पैसा आणि वाटेची खुराकी. फेरी चार दिवसांत होवो की सात, मजुरी तेवढीच.

मी याला चोरी म्हणते. शब्द कडक वाटेल, पण तो माझ्या पदरचा नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातला एक हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेताना मोठं माप आणि देताना लहान. आपल्या व्यापारी घरांतून तो तागडी आणि वजनांपुरता पाळला गेला. आता त्याच शब्दाने ड्रायव्हरचा वेळ मोजून पाहा. घेताना आपण त्याचे चोवीस तास घेतो. देताना मात्र चाक फिरलं तेवढंच धरतो. खोटं माप याहून वेगळं काय असतं?

त्याच अध्यायात अहिंसेच्या अतिचारांमध्ये अन्नपाननिरोध येतो. प्रवचनात उदाहरण हमखास बैलाचं असतं. पण फाटकाबाहेर ना पिण्याचं पाणी, ना संडास, आणि गाडी सोडून जायची नाही, अशा जागी माणसाला दिवसभर बसवणं कशात मोडतं? बैलाला पाणी दाखवणारे आपण, ड्रायव्हरला "पुढे ढाब्यावर जा" म्हणतो.

कायद्याचाही आधार पुरेसा नाही. मोटर परिवहन कामगारांसाठी 1961 साली कायदा झाला. रोज 8 तास, लांब पल्ल्याला फार तर 10, जादा कामाला दुप्पट मजुरी, असं सगळं त्यात लिहिलं होतं. पण ज्याच्याकडे पाचांहून कमी कामगार, त्याला तो लागूच नव्हता, आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालक किती आहेत ते सांगायला नको. शिवाय कामाच्या तासांची व्याख्या बघा. टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा वेळ 15 मिनिटांहून कमी असेल तर तो कामात धरावा, असं त्यात होतं. पंधरा मिनिटं! आपलं एक सामायिक 48 मिनिटांचं असतं. दोन घटका एका जागी बसणं म्हणजे काय, हे आपल्या बायकांना कोणी शिकवायला नको. 2020 च्या श्रमसंहितेने तो कायदा स्वतःत सामावून घेतला, फाटकाबाहेरची रांग मात्र तशीच आहे. आणि हे फक्त आपल्याच देशात आहे असंही नाही. अमेरिकेतही 1938 च्या कायद्याने कामगारांना जादा तासांचा दीडपट मोबदला दिला, पण राज्याबाहेर माल नेणाऱ्या ट्रकचालकांना त्यातून वगळलं.

यावर घरातली उत्तरं मला पाठ आहेत. पहिलं: "त्याले काय काम आहे वहिनी, झोपते ना तो गाडीत!" मग वॉचमनही रात्री बसूनच असतो, त्याचा पगार का कापत नाही? दुसरं: "हे ड्रायव्हर डिझेल विकतात." काही विकत असतील. त्याबद्दल सगळ्यांची मजुरी कापायची असेल, तर भेसळ करणाऱ्या एका दुकानदारापायी सगळ्या दुकानदारांना दंड लावा. तिसरं उत्तर खरं आहे: "भाडंच परवडत नाही." लहान मालक हप्त्याखाली दबलेला असतो, उभी गाडी त्यालाही खाते. म्हणूनच हा पैसा गाडी ज्याने थांबवली त्याने द्यायला हवा. हॉल्टिंग मागितलं तर घासाघीस होते, आणि मिळालंच तर ते मालकाच्या खात्यात जातं, ड्रायव्हरपर्यंत पोचेलच असं नाही.

वाया गेलेला हा वेळ कुठे जात नाही, तो रस्त्यावर भरून काढला जातो. मालाचा वेळ तर सरकार काटेकोर मोजतं. ई-वे बिलात 200 किलोमीटरला एक दिवस, म्हणजे हजार किलोमीटरच्या दिल्लीला पाच दिवस. संत्र्याची गाडी असेल तर आडतिया तासातासाला फोन करतो. फाटकावर गेलेली रात्र मग ड्रायव्हर पुढच्या रात्रीच्या झोपेतून काढतो. अपघात झाला की पेपरात "डुलकी लागली" एवढंच छापून येतं. ती डुलकी कोणाच्या फाटकावरून निघाली, ते कोणी विचारत नाही.

जानेवारी 2024 च्या संपात आपल्याच राज्यात, शाजापूरच्या कलेक्टरने बैठकीत एका ड्रायव्हरला त्याची औकात विचारली होती. औकात नाही म्हणूनच तर लढाई आहे, असं तो म्हणाला. दुसऱ्याच दिवशी कलेक्टरची बदली झाली आणि आपल्याला बरं वाटलं. 1 जुलै 2024 पासून राज्याने परिवहनाचे नाकेही उठवले. सरकारी नाक्यावरचं थांबणं गेलं. आपल्या फाटकावरचं थांबणं मात्र आपल्यालाच उठवावं लागेल.

बायांनो, दुकानाच्या, गोदामाच्या, ट्रान्सपोर्टच्या वह्या पुष्कळ घरी आता सुनाच बघतात. म्हणून हे तुम्हाला सांगते. गाडी फाटकावर लागली ती वेळ बिल्टीवर लिहायला लावा, आणि खाली झाली ती वेळही. पहिले दोन तास सोडा, पुढच्या प्रत्येक तासाचा पैसा ठरवा आणि तो मालकाच्या बिलात न घालता ड्रायव्हरच्या हातात किंवा खात्यावर द्या. फाटकाबाहेर पाण्याची टाकी आणि संडास बांधा. पर्युषणात दान लिहून देताना हा खर्च त्यात धरू नका. दान आपल्या मर्जीचं असतं, हे त्याचं देणं आहे.