दप्तर खुले झाले, वाचणारे कोठे आहेत? मोडी, जीसीसी आणि पवईतील एक प्रयत्न

पुण्याच्या पेशवे दप्तराला दोन कुलुपे लागली. पहिले इंग्रजांनी लावले. १८१८ नंतर हे कागद कंपनी सरकारच्या ताब्यात गेले आणि पुढे दीर्घकाळ एतद्देशीय संशोधकांना त्यांत मोकळेपणाने शिरू दिले गेले नाही. विसाव्या शतकात ते कुलूप सैल झाले. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, आणि कालांतराने दप्तराचे दारही उघडले.

दुसरे कुलूप कोणी हेतुपूर्वक लावले नाही. छापखान्याने आणि पाठोपाठ शाळेने मोडीला रजा दिली. दोन पिढ्यांत ती लिपी घराघरांतून पुसली गेली. आज वडगाव रासाईचा एखादा तरुण, शिरूर आणि दौंड यांच्या सीमेवरील आपल्या मुलखाचा अठराव्या शतकातील हिशेब पाहावा म्हणून पुण्यास गेला, तर दार उघडे मिळेल. पण रुमाल सोडल्यावर समोरचा कागद मुका असेल. शब्द सलग लिहिलेले, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, आणि लेखकाच्या हाताची लकब निराळीच.

संगणकाच्या जगात ‘ओपन सोर्स’ नावाची जी चळवळ झाली, तिचा इतिहासही याच दोन कुलुपांचा आहे. पहिले कुलूप तुटल्याचा उत्सव सर्वत्र होतो. दुसऱ्याविषयी फार थोडे बोलले जाते, आणि प्रोग्रॅमर मंडळींचा जो वैताग नेहमी कानावर येतो, त्याचे मूळ पुष्कळदा या दुसऱ्या कुलुपात असते.

प्रथम कंपायलर म्हणजे काय ते पाहू. प्रोग्रॅमर जे लिहितो ते माणसाला वाचता येते. त्याला मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड म्हणतात. यंत्राला केवळ आकडी आज्ञा कळतात. या दोहोंमधला दुभाष्या म्हणजे कंपायलर. दरबारी व्यवहारांत दुभाष्याचे महत्त्व किती असे, हे इतिहासाच्या वाचकाला सांगावयास नको. मूळ बोलणे एक आणि पलीकडे पोचलेले बोलणे दुसरे, एवढ्यावरून तह बिघडू शकतो. कंपायलर तर नुसते भाषांतर करून थांबत नाही. यंत्राचा वेळ वाचावा म्हणून तो मजकूर आटोपशीरही करतो. त्याला जे अनावश्यक वाटते ते गाळतो.

२००९ साली हे गाळणे फार महागात पडले. लिनक्सच्या गाभ्यात ‘टन’ नावाचा नेटवर्कचा एक भाग आहे. त्यात एका ठिकाणी स्मृतीतील एक पत्ता आधी वापरला होता आणि तो रिकामा तर नाही ना, ही तपासणी त्याच्या पुढे लिहिली होती. क्रम चुकला होता, पण तपासणी होती. जीसीसी या कंपायलरने सी भाषेच्या नियमांवर बोट ठेवून असा विचार केला की ज्या अर्थी पत्ता आधीच वापरला, त्या अर्थी तो रिकामा असूच शकत नाही; मग तपासणी हवी कशाला? त्याने ती काढून टाकली. परिणामी संपूर्ण यंत्र परक्याच्या ताब्यात देण्याची वाट मोकळी झाली. पुढे लिनक्सच्या मंडळींनी कंपायलरला अशा तपासण्या काढू नयेत अशी स्पष्ट आज्ञाच देऊन ठेवली. नियमांच्या अक्षरानुसार कंपायलर निर्दोष होता. मूळ संहिता वाचणाऱ्याला तपासणी डोळ्यांनी दिसत होती आणि चालणाऱ्या यंत्रात ती नव्हती. एका ओळीतला अर्धविराम राहिला की पुढच्याच ओळीविषयी तक्रार करणारा कंपायलर हा विनोदाचा विषय आहे. हा प्रकार विनोदाच्या पलीकडचा होता.

हा जीसीसी आला कोठून? रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. सर्वांना वाचता येईल, बदलता येईल, वाटता येईल अशी संपूर्ण संगणकप्रणाली उभारण्याचा तो संकल्प होता. कंपायलरावाचून तो अशक्य. ॲमस्टरडॅमच्या ‘फ्री युनिव्हर्सिटी’चा कंपायलर संच त्यांनी मागून पाहिला. विद्यापीठाच्या नावात मुक्तता असली तरी कंपायलर मुक्त नाही, अशा आशयाचे खोचक उत्तर मिळाले. दुसरा एक कंपायलर हाती आला, तो त्या काळच्या लहान यंत्रांना पेलवेना. अखेर त्यांनी स्वतःच लिहावयास घेतला, आणि १९८७ साली जीसीसी जगापुढे आला. पहिले कुलूप तुटले ते असे. इतिहाससाधने ही कोणा एका घराण्याची वा सरकारची मिरास नसून समाजाची आहेत, या भूमिकेने वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरे शोधत हिंडले. स्टॉलमन यांची जिद्द त्याच जातकुळीची म्हणावी लागेल.

मात्र दुसऱ्या कुलुपाच्या बाबतीत स्टॉलमन यांचा निर्णय चुकला. कंपायलर काम करताना मूळ संहितेचे एका मधल्या रूपात रूपांतर करतो. ते रूप बाहेरच्या साधनांना सुलभपणे उपलब्ध करून दिले, तर एखादी कंपनी आपला बंदिस्त भाग त्याला जोडील आणि काहीच परत देणार नाही, अशी भीती त्यांना होती. म्हणून जीसीसीची अंतर्रचना बाहेरून जोडणी करता येऊ नये अशीच ठेवली गेली. भीती अगदीच निराधार नव्हती. पण तिची किंमत शिकणाऱ्याने मोजली. लक्षावधी ओळींची संहिता कोणालाही उतरवून घेता येई. तिच्यात शिरावे कोठून, हे मात्र मोजक्या जुन्या जाणत्यांनाच ठाऊक. सुधारणा स्वीकारण्याच्या संथपणाला कंटाळून १९९७ साली काही प्रोग्रॅमरांनी ‘ईजीसीएस’ नावाची वेगळी चूल मांडली, आणि दोन वर्षांत तीच चूल अधिकृत जीसीसी ठरली. बाहेरून जोड देण्याची अधिकृत सोय मात्र २०१० सालच्या ४.५ या आवृत्तीपर्यंत आली नाही.

येथे महाराष्ट्राचा संबंध येतो. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने ‘जीसीसी रिसोर्स सेंटर’ उभे राहिले. कंपायलरशास्त्राची त्या संस्थेत मोठी परंपरा आहे. प्रा. धनंजय धामधेरे यांचे या विषयातील काम जगभर अभ्यासले जाते, आणि १९९४ साली खेडकर व धामधेरे यांनी मिळून लिहिलेला प्रवाह-विश्लेषणावरील शोधनिबंध त्याच परंपरेतला. या केंद्राचे वेगळेपण असे की नवा कंपायलर लिहिणे हा त्याचा हेतू नव्हता. जो आहे, जो खुला आहे, तो वाचावा कसा, हे शिकवणे हा होता.

२०११ आणि २०१२ साली तेथे झालेल्या कार्यशाळांची पद्धत मुळातून पाहण्याजोगी आहे. संपूर्ण संहिता पहिल्या ओळीपासून वाचू पाहणारा बुडतो. आणि कंपायलरला केवळ काळी पेटी मानणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून मधला मार्ग. चार ओळींचा लहानसा प्रोग्रॅम द्यावयाचा, आणि कंपायलरच्या प्रत्येक टप्प्यानंतर त्याचे रूप कसे पालटले ते कंपायलरकडूनच लिहवून घेऊन शेजारी शेजारी ठेवावयाचे. टप्पे दोनशेच्या घरात. त्यांपैकी मोजके नीट समजले की उरलेल्यांची दिशा कळते. मोडी शिकणाऱ्याला ही रीत परिचित वाटेल. एका बाजूस मूळ कागद, दुसऱ्या बाजूस जाणकाराने केलेले देवनागरी लिप्यंतर, आणि डोळा या पानावरून त्या पानावर. अशा तऱ्हेनेच अक्षर ओळखीचे होते.

एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. ज्या १९८७ साली जीसीसी प्रसिद्ध झाला, त्याच साली विक्रम अडवे हे आयआयटी मुंबईतून अभियंता होऊन बाहेर पडले. पुढे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात ते प्राध्यापक असताना त्यांच्या मार्गदर्शनाखाली ख्रिस लॅटनर या विद्यार्थ्याने ‘एलएलव्हीएम’ची उभारणी सुरू केली, २००३ साली त्याची पहिली आवृत्ती आली. त्याची रचना आरंभापासून सुटे भाग जोडता यावेत अशी होती, आणि मधले रूप माणसाला वाचता येईल असे. संशोधक आणि विद्यार्थी मोठ्या संख्येने तिकडे वळले, कंपन्याही वळल्या. एलएलव्हीएमच्या सैल परवान्याचा लाभ घेऊन काही कंपन्यांनी आपले बदल बंदिस्त ठेवले हे खरे, आणि तेथे स्टॉलमन यांची भीती खरी ठरली. तरीही ज्याला शिकावयाचे आहे तो वाचता येणाऱ्या ग्रंथाकडेच जाणार.

वाचणारे कमी असले म्हणून बिघडते काय, असा प्रश्न येथे कोणी करील. उत्तरासाठी १९८४ साली प्रसिद्ध झालेले केन टॉम्पसन यांचे ट्युरिंग पुरस्काराचे व्याख्यान पाहावे. कंपायलरच्या तयार प्रतीत चोरवाट अशी दडवता येते की मूळ संहितेत तिचा मागमूसही राहू नये, आणि त्या प्रतीने बांधलेल्या पुढच्या प्रत्येक कंपायलरमध्ये ती आपोआप उतरावी, हे त्यांनी दाखवून दिले. मूळ प्रत शुद्ध आणि नक्कल दूषित. बनावट सनदा आणि नकलाकारांच्या करामती पाहिलेल्या इतिहासकाराला यात नवल वाटणार नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये याच जातीचा प्रकार प्रत्यक्ष घडला. ‘एक्सझेड’ हे माहितीचे आकारमान घटवणारे छोटे साधन जगभरच्या लिनक्स यंत्रांत असते. ते वर्षानुवर्षे मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात, विनावेतन सांभाळत होता. कामे तुंबली म्हणून काही खात्यांवरून त्याच्यावर दबाव आला. मदतीस धावून आलेल्या एका टोपणनावधारी सहकाऱ्याने दोनएक वर्षे चोख काम करून विश्वास मिळवला, आणि मग चोरवाट घातली. तिचा मजकूर चाचणीसाठीच्या निरुपद्रवी वाटणाऱ्या फायलींत दडवलेला होता. तो जागा करणारा धागा प्रकल्पाच्या उघड संहितेत नव्हताच. वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तेवढा होता. मूळ आणि नक्कल ताडून पाहिल्याशिवाय तो दिसणे शक्य नव्हते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, म्हणून त्याने माग काढला, आणि हे बाहेर आले. असंख्य यंत्रांचे रक्षण एका माणसाच्या चिकित्सक स्वभावावर झाले.

तेव्हा ‘खुले आहे, म्हणजे कोणीतरी तपासले असेलच’ हा समज सोडला पाहिजे. संदर्भग्रंथाच्या तळटीपेत दप्तराचा रुमाल क्रमांक दिला, म्हणजे तो रुमाल कोणी सोडून पाहिला असे होत नाही. मराठी इतिहासलेखनात एकाच्या चुकीच्या वाचनावर पुढच्या दहांनी इमारत रचल्याची उदाहरणे अभ्यासकांच्या नित्य परिचयाची आहेत.

आता यंत्रेच मोडी वाचतील आणि यंत्रेच संहिता तपासतील, असे एक उत्तर अलीकडे सर्रास दिले जाते. यंत्राची मदत अवश्य घ्यावी. पण यंत्राने केलेले लिप्यंतर बरोबर आहे की नाही, हे ठरवावयास मोडी जाणणारा माणूस लागतोच, आणि त्याला घडवावयास वर्षे लागतात. तो खर्च टाळण्याची सोय म्हणून यंत्राकडे पाहिले जाते, आक्षेप त्याला आहे.

पुणे आणि मुंबई येथील सॉफ्टवेअर उद्योग अशा फुकट मिळालेल्या साधनांवरच उभा आहे. मोडीचे वर्ग चालवणाऱ्या हौशी मंडळींना जी वागणूक मिळते, तीच या साधनांची देखभाल करणाऱ्यांना मिळते: कौतुक पुष्कळ, मानधन क्वचित. विद्यापीठांतही नव्या शोधनिबंधाला गुण असतात. जुनी, गुंतागुंतीची, सर्वांच्या उपयोगाची संहिता उलगडून सांगणाऱ्या टिपणांना नसतात. सरदेसायांचे ४५ खंड आजच्या गुणपद्धतीत कोठे बसले असते, याचा विचार या पद्धती ठरवणाऱ्यांनी एकदा करून पाहावा.

पवईच्या त्या कार्यशाळांची टिपणे जीसीसीच्या चौथ्या पिढीतील आवृत्त्यांवर आधारलेली होती. जीसीसीने त्यानंतर पंधरावी आवृत्ती गाठली आहे. टप्प्यांची नावे बदलली, काही गळाले, पुष्कळ नवे आले. जुनी टिपणे हाती धरून आजच्या संहितेत शिरणाऱ्याला निम्म्या वाटेवर स्वतःच पुढचा रस्ता शोधावा लागतो. ती टिपणे नव्याने लिहिण्याचे काम पडून आहे.