‘माझी पुस्तक’

1 सप्टेंबर 2025 च्या संध्याकाळी माझी नणंद दारातूनच ओरडली, “भाभी, टीव्ही लगाओ!” ती आमच्याच गल्लीत, अकोल्याच्या जुन्या शहरात राहते आणि रोज बसने बाळापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकवायला जाते. मी इकडे एका अल्पसंख्याक संस्थेच्या अनुदानित शाळेत सहावी ते आठवीला मराठी शिकवते. त्या संध्याकाळी दोघींचा चहा तसाच थंड झाला.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एव्हाना घरोघरी पोहोचला आहे. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हायची. नाही झाले तर सक्तीची निवृत्ती. पाच वर्षांच्या आत उरलेल्यांना परीक्षेशिवाय निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण बढती हवी असेल तर त्यांनाही ती द्यावी लागेल. नणंद नोकरीला लागली 2007 मध्ये. शिक्षण हक्क कायदा लागू झाला 1 एप्रिल 2010 ला आणि आपल्या राज्यात ही परीक्षा पहिल्यांदा झाली डिसेंबर 2013 मध्ये. म्हणजे जी परीक्षा तेव्हा अस्तित्वातच नव्हती, ती न दिल्याचा हिशोब आता द्यायचा. 2019-20 च्या याच परीक्षेत पैसे घेऊन गुण वाढवल्याचे 2021 मध्ये उघड झाले होते, हेही आम्ही त्या रात्री एकमेकींना ऐकवून घेतले. त्याने काही फरक पडत नव्हता, पण जीव हलका झाला.

माझे प्रकरण वेगळे. 2014 च्या निकालाने अल्पसंख्याक शाळा या कायद्याबाहेर राहिल्या होत्या. अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन या ताज्या प्रकरणात न्यायालयाने त्यावर शंका घेतली आणि तो प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवण्यास सांगितले. त्याचा निर्णय लागेपर्यंत आमच्यावर सक्ती नाही. “तुम तो बच गए, भाभी,” नणंद म्हणाली. तिच्या बोलण्यात हेवा नव्हता, पण तो ‘बच गए’ माझ्या मनात रुतून बसला. मी नेमकी कशातून वाचले होते? मला येते की नाही हे तपासले जाण्यातून?

हिवाळ्यात तिचा अभ्यास सुरू झाला. तिची पहिली भाषा उर्दू, दुसरी मराठी. त्यामुळे मराठी घेण्याचे काम माझ्याकडे आले. इशाची नमाज झाली, पोरे झोपली की आम्ही दोघी स्वयंपाकघरात सरावाची पुस्तके उघडायचो. दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटे, चुकले तर गुण कापत नाहीत. तरी बहुतेक वर्षी निकाल शेकडा पाचाच्या आसपास किंवा त्याहून कमी. एका शनिवारी मी म्हटले, चला, मीही घड्याळ लावून सोडवते. माझा पेपर दुसरा, सहावी ते आठवीचा.

मला 86 पडले. खुल्या प्रवर्गाला 90 लागतात.

नणंदेला मी सांगितले की मधेच फोन आला होता. खोटे बोलले. अल्लाह माफ करो.

बालमानसशास्त्राने घात केला होता. बीएडला पाठ केलेले पियाजे आणि वायगॉट्स्की वीस वर्षांत कुठल्या कुठे गेले. पण त्याचे एवढे वाईट वाटले नाही. पाठांतर पुन्हा करता येते. एका प्रश्नाने मात्र झोप उडवली. दुसरी भाषा शिकणारे मूल घरच्या भाषेच्या वळणाने चूक करते, तेव्हा शिक्षकाने काय करावे? मी बेधडक खूण केली: चूक लगेच दुरुस्त करून योग्य रूप पुन्हा लिहून घ्यावे. उत्तर होते: घरच्या भाषेचा आधार घेऊन फरक समजावून द्यावा. मी माझ्या वर्गात जे एकोणीस वर्षे करत आले, तेच लिहिले होते. आणि ते चूक होते.

नोकरी सोडावी असे त्या दिवसांत खरोखर मनात आले. मुलगा म्हणतो, अम्मी, घरीच क्लास घे. पण दर महिन्याचा पगार डोळ्यांसमोर येतो. मी 2006 ला लागले, म्हणजे जुन्या पेन्शनच्या नोव्हेंबर 2005 च्या तारखेनंतर. घराचे कर्ज अजून चालू आहे. मग मी शिकवते ते कशासाठी, हा प्रश्न रात्री दोन वाजता अंथरुणात येऊन बसतो.

इमाम गज़ाली (रह.) यांच्याबद्दल आपण सगळ्यांनी ऐकलेले असते; त्यांच्या आयुष्यातला हा भाग मात्र कमी सांगितला जातो. 1091 मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांना बगदादच्या निज़ामिया मदरशात नेमले गेले. शेकडो विद्यार्थी, मोठे नाव. चार वर्षांत त्यांना आपल्या नियतीचीच शंका येऊ लागली: हे शिकवणे अल्लाहसाठी की मानासाठी? सहा महिने ते जावे की राहावे या घालमेलीत होते. शेवटी जीभच उठेना, वर्गात शब्द फुटेना. स्वतःच्या आत्मकथनात त्यांनी हे लपवलेले नाही. ते सगळे सोडून गेले आणि सुमारे अकरा वर्षांनी निशापूरमध्ये पुन्हा शिकवायला बसले. माझी त्यांच्याशी बरोबरी नाही, तौबा! मला ना मान सोडायचा होता, ना अकरा वर्षे फिरायची सोय होती. पण एवढा मोठा उस्तादही ‘मी का शिकवतो’ या प्रश्नावर अडला होता, हे वाचून मला जरा धीर आला.

त्या सोमवारी सहावीच्या वह्या तपासत होते. ‘माझी पुस्तक फाटली.’ ‘माझा नाव.’ ‘माझा घर.’ लाल पेन उचलला आणि थांबले. वर्गात जाऊन विचारले, “माझी पुस्तक का लिहिलेत?” मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “टीचर, किताब फटती है ना, फटता थोड़ी है.”

मग फळ्यावर लिहिले. एका बाजूला किताब, घर, पानी, दूध, नाम. दुसऱ्या बाजूला पुस्तक, घर, पाणी, दूध, नाव. उर्दूत किताब ‘मेरी’, बाकी सगळे ‘मेरा’. मराठीत पाचही ‘माझे’. पोरे बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिली. एक मुलगी उठून म्हणाली, “मतलब टीचर, ये ‘ते’ वाला डिब्बा हमारे पास है ही नहीं?”

नाहीच. उर्दूला दोन लिंगे, मराठीला तीन. तिसऱ्या डब्याची वस्तू पोरे बिचारी जवळच्या डब्यात टाकत होती आणि मी एकोणीस वर्षे प्रत्येक वेळी अर्धा गुण कापत होते. त्यातली कित्येक पोरे आता बाप झालीत. जय हिंद चौकात भेटली की सलाम करतात. त्यांना मी हे कधी सांगितले नाही, कारण मला स्वतःला ते कधी सुचले नाही. मला दोन्ही भाषा येत होत्या, म्हणून त्यांच्यामधली भिंत दिसलीच नाही.

उरलेला तास आम्ही दुसरा खेळ खेळलो: दोन्हींकडे चालणारे शब्द शोधायचे. कागद, दप्तर, शाई, कलम, हजेरी. फळा भरला. ‘हजेरी’ आपल्या ‘हाज़िर’मधून आली म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी पटावरचे नाव पुकारले की अर्धा वर्ग ऐटीत ‘हजर’ म्हणू लागला. ‘माझी पुस्तक’ अजून थांबलेली नाही. कमी झाली आहे.

टीईटीचे फॉर्म पुन्हा निघतील तेव्हा मीही भरणार आहे. यांनी विचारले, “तुला लागू नाही, मग कशाला? नापास झालीस तर शाळेत काय तोंड दाखवशील?” प्रश्न बरोबर आहे, भीतीही तीच आहे. आमच्यासारख्या शाळांबाबत मोठे खंडपीठ काय ठरवेल ते ठरवेल. मला नव्वदच्या अलीकडचे ते चार गुण खुपतात. नणंदेला मी फोनची थापही कबूल केली. ती इतकी हसली की सासूबाई उठून बाहेर आल्या.

काल रात्री तिने मराठीचा सराव पेपर सोडवला. तीसपैकी तेवीस. खूश होऊन म्हणाली, “भाभी, माझा मराठी सुधारला ना?”

मी फ्रिजवरचा खडू घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारावरच तीन डबे काढले.