वेगाची हौस आणि मागचा अ‍ॅक्सल

मोटारीची शक्ती वाढवण्याची हौस आता महानगरांपुरती उरलेली नाही. टर्बो, सायलेन्सर आणि इंजिनाच्या संगणकातील फेरबदल यांची चर्चा हौशी मंडळींत रंगते. मागचा अ‍ॅक्सल आणि ब्रेक यांच्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. रस्त्यावरील शर्यती आणि बेकायदा फेरबदल रोखण्याचा विचार या दुर्लक्षित भागापासून सुरू व्हायला हवा.

ड्रॅग शर्यतीत गाडी थांबलेल्या स्थितीतून निघून पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, सरळ धावते. अमेरिकेत रस्त्यांवर चालणाऱ्या अशा शर्यतींना सुरक्षित जागा आणि नियम मिळावेत, या हेतूने वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची स्थापना केली. रस्त्यावरही वापरली जाणारी गाडी या शर्यतीत उतरवायची, तर तिच्या मागच्या भागाची मोठी परीक्षा होते.

इंजिनाचा जोर गिअर आणि डिफरन्शियल यांतून अनेक पटींनी वाढून अ‍ॅक्सलवर येतो. ५०० न्यूटन-मीटरचा जोर अडीच पटीच्या पहिल्या गिअरमधून आणि चार पटीच्या डिफरन्शियलमधून गेला, की तो ५,००० होतो. साधा टायर घसरतो आणि त्यातला बराच भार वाया जातो. घट्ट पकडीचा टायर बसवला, की तोच भार अ‍ॅक्सलला पेलावा लागतो. अनेक जुन्या अमेरिकी गाड्यांत हा दांडा डिफरन्शियलच्या आतील एका छोट्या क्लिपने अडकवलेला असतो. दांडा तुटल्यास चाकासह बाहेर सरकू शकतो. म्हणूनच फोर्डने १९५७ पासून वापरलेला नऊ इंची मागचा अ‍ॅक्सल आजही हौशी शर्यतपटूंच्या पसंतीस उतरतो. त्यात दांडा बाहेरच्या टोकाला पक्का धरलेला असतो.

ब्रेकचा हिशेबही असाच कठोर आहे. वेग दुप्पट झाला, की थांबवायची ऊर्जा चौपट होते. त्यामुळे मागच्या ड्रमच्या जागी डिस्क बसवल्या जातात. मात्र केवळ शर्यतीसाठी बनवलेली पातळ, हलकी डिस्क एकदा थांबवण्यापुरतीच असते. चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या उतारावर वारंवार ब्रेक लावताना ती तापून निकामी होऊ शकते. दोन्ही चाके एकत्र जखडणारे डिफरन्शियलही सरळ धावपट्टीवर उपयोगी आणि वळणावर त्रासदायक ठरते. शर्यतीची गाडी आणि रस्त्याची गाडी यांच्या गरजा अशा परस्परविरोधी आहेत.

अमेरिकी संघटनेने यावर काढलेला तोडगा लक्षणीय आहे. सर्वसाधारण गाडीने हे अंतर १०.९९ सेकंदांत वा त्याहून लवकर कापले, तर अधिक मजबूत अ‍ॅक्सल आणि तो जागेवर धरून ठेवणारी योजना बंधनकारक होते. ताशी १५० मैलांपासून पुढे पॅराशूट लागतो. अलीकडच्या मॉडेलांना काही सवलती असल्या, तरी वेगासोबत सुरक्षेची अट वाढत जाते, हे तत्त्व कायम आहे.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगीबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. ही कठोरता आवश्यक आहे. मात्र कानठळ्या बसवणारा सायलेन्सर आणि अधिक सक्षम ब्रेक यांना हा दंड एकाच मापाने मोजतो. परिणामी शक्ती चोरून वाढते आणि तिला पेलणारे भाग तपासण्यासाठी कोणासमोर आणले जात नाहीत.

चेन्नई आणि कोईम्बतूर येथे शर्यतीचे कायमचे मार्ग आहेत, तर लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. गोव्यासारख्या छोट्या राज्याने असा मार्ग उभारावाच, असे नाही. वर्षातून काही दिवस बंदिस्त जागा, धावण्यापूर्वी अ‍ॅक्सल व ब्रेकची सक्तीची तांत्रिक तपासणी आणि अशी गाडी रस्त्याने न चालवता वाहून आणण्याची अट, एवढे करता येईल. त्यासाठी वाहतूक खाते आणि मोटारस्पर्धा संघटना यांनी एकत्र बसावे लागेल. अन्यथा रात्री महामार्गावर निघणाऱ्या अशा गाडीचा अ‍ॅक्सल कितपत टिकेल, याची पहिली तपासणी अपघातानंतरच्या पंचनाम्यात होईल. आणि तोवर रस्त्यावरचा एखादा निर्दोष दुचाकीस्वार त्याची किंमत मोजून बसलेला असेल.